हलू नको

न्हाई न्हाई, खिळ्यावरनं काढू नका — तसाच बघा मॅडम, लांबनंच चांगला दिसतो. बसा की. आमच्या माधुरीनं सांगितलं व्हय? आता तुमच्याच वर्गात हाय म्हनल्यावर सांगनारच, बाबांनी कळलावीचा फोटू काढलाय म्हनून. सगळे हेच इचारतात — पुढं आलेला केसर बी साफ आनि पार मागची पाकळी बी साफ, हे जमलं कसं? एका फोटूत जमतच न्हाई. फूल एवढ्या जवळनं घेतलं की भाताच्या दान्याएवढंच साफ येतं — पुढचं धरलं की मागचा धूर, मागचं धरलं की पुढचा धूर. मग काय करायचं? कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, लेन्सची रिंग केस-केसभर फिरवायची आनि एकाच फुलाचे आठ फोटू घ्यायचे. आठींतला साफ तेवढा तुकडा ब्लेडनं कापायचा, पुठ्ठ्यावर एकाला एक चिकटवायचा, सांधे ब्रशनं बुजवायचे, आनि त्या पुठ्ठ्याचा परत फोटू. सांधा सापडतोय का बघा. न्हाई सापडायचा. अख्खा म्हैना घातलाय मी त्यात.

पन आठी फोटू होईस्तवर फूल हलता कामा न्हाई — आनि भंडारदऱ्याच्या वरल्या अंगाला, भादव्यात, वारं थांबतंय कधी? म्हनून भागिरथी, माधुरीची आई, माझं धोतर दोनी हातांनी ताणून वाऱ्याच्या बाजूला उभी राहायची. हप्ताभर मी लग्नाचे फोटू काढायचो, रविवार मातर फुलांचा. लोक हसायचे, सूर्यभान बायकोला डोंगरावर नेऊन धोतर वाळवतोय! ती बी हसायची. पन एकदा उभी राहिली ना — खांब! हात भरून आले तरी ब्र न्हाई. ह्यो फोटू तिच्यासंगचा शेवटचा. चौऱ्याण्णव साल. उतरताना वाटेवर पान लागलं तिला — साप चावला, व्हय. नाग असंल, डॉक्टर म्हनले. आमाला तर दिसला बी न्हाई.

ही फुलं लई दिवस टिकत न्हाईत बघा, रंग बदलतो — सकाळचं फूल सांजच्याला निराळं. म्हनून मला त्याच दिशी आठी पायजे हुते. पैल्या चारालाच अर्धा तास गेला. पाचव्याला कुठं वारं पडलं — मी डोळा लावला, बोट ठेवलं, आनि ती म्हनली, "अवं, पायाला काटा टोचला जनू." मी म्हनलो, "असू दे, हलू नको." हलली न्हाई. गवत कमरेएवढं, पाय कुठं दिसत हुते? सहाव्याला म्हनली, "लई आग होतीया." म्हनलो, दोनच राहिलेत. धोतर जरा थरथरलं, तर मी — मी वरडलो तिच्यावर, मॅडम. सातवा. आठवा. तवर वीस मिनटं तरी —

काय?

मघाशी वाटेवर म्हनलो. व्हय. म्हनलो खरं. चार वर्सं झाली, सगळ्यांना तेच सांगत आलोय, आता माझ्याच तोंडाला ते खरं वाटतं. कॅमेरा भरला, निघालो, अन् चालताना तिनंच लुगडं वर करून बघितलं — घोट्यावर दोन टिपके, पाय सुजलेला. खालच्या गावात तिच्या भावाची, सहादेवची जीप हुती. जीपमधी तिच्या पापन्या मिटाया लागल्या. उघड म्हनलं तर उघडंनात. बोलनं जड झालं. दवाखान्यात डॉक्टरनी इचारलं, कधी चावलं? सहादेव शेजारीच उभा. त्याच्या देखत कसं सांगू, की तुझी बहीन उभी जळत हुती आनि मी फूल बघत हुतो? म्हनलो, आत्ताच, वाटेवर. डॉक्टरनी मी सांगितलेली वेळ धरली, तिच्यावरच त्यांनी औषधाचा हिशेब केला. खरं सांगितलं असतं तर वाचली असती? कोन सांगनार! इचारायची हिंमत न्हाई झाली.

रोल वर्सभर तसाच ठेवला. फेकून द्यायचा हुता. पन तिनं एवढं धरलं, ते वाया कसं घालू? म्हनून जोडला. लोकांना सांधा दिसत न्हाई, मॅडम, मला दिसतो. ही पुढली पाकळी हाय ना — ही टोचायच्या आदुगरची. हे केसर बी आदुगरचं. आनि हितनं मागं, ही, ही, आनि ती वळलेली — ह्या समद्या नंतरच्या. फूल एकच. तिकडं बघितलं की मी बोटानं मोजीत ऱ्हातो, कुठवर ती बरी हुती. रोज मोजतो.

अशा बघू नका. तुमी आलात फुलांच्या पुस्तकात छापायला फोटू मागायला, मी काय सांगत बसलो — माधुरीला ह्यातलं कायबी ठाऊक न्हाई. आईनं धरलेलं फूल म्हनून लई जपती ती फोटूला. दिवाळीला म्हनली, बाबा, मला बी शिकवा, मी धरते धोतर, जाऊ या वर. मी म्हनलो, कॅमेरा बिघडलाय. बिघडलेला न्हाई तो. पोरगी दोनी हात पसरून दाखवीत हुती, अशी उभी राहीन म्हनून — अगदी तशीच —

उठा आता. संगमनेरची यष्टी लागली असंल. न्हाई, फोटू न्हाई मिळायचा — पुस्तकात बी न्हाई, कुठंच न्हाई. पोरीला म्हना, बापानं दिला न्हाई. एवढंच म्हना. जावा.