रेडिओवर न आलेलं नाव

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि कृषी विभागाच्या प्रमुख डॉ. वेल्डा ऑस्टरमन, व्यासपीठावरचे माननीय कुलगुरू, व्हॉलीबॉल संघाच्या कोच रोन्डा टीमन, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो आहोत ते आदरणीय ऑर्विल लिंडक्विस्ट सर, आणि मक्याची कापणी ऐन भरात असताना शेतं सोडून आलेल्या माझ्या नेब्रास्काकरांनो,

अध्यक्षबाईंनी थोडक्यात बोलायला बजावलंय. मी वर्गातसुद्धा थोडक्यात बोलत नाही, हे मागच्या रांगेतली मुलं सांगतील. तरी प्रयत्न करते.

सरांच्या मृदाशास्त्रातल्या कामाबद्दल आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. मी ट्रूडी कूबेक, आज त्यांच्याच विभागात शिकवते. पण त्याआधी मी याच विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात खेळायचे, आणि माझे पाय सरांच्या वर्गातल्या बाकाखाली मावायचे नाहीत. मी तिथलं सांगणार आहे.

खेळाडू विद्यार्थी म्हणजे काय, हे आपल्या कॉफीच्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक असतं, नाही का? "आल्या महाराणी, आता ढकला परीक्षा पुढे," असं आपणच म्हणतो. ती वर्गात पेंगते ते दिसतं. पहाटेचा सराव करून, गुडघ्याला बर्फ बांधून आलीय ते दिसत नाही. पण मंडळी, हे सगळं सोसतं, कारण सोबत संघ असतो. बसमध्ये शेजारी कोणीतरी घोरत असतं. खरी पंचाईत होते ती संघ सुटला की.

तिसऱ्या वर्षी, हंगामाच्या तोंडावर, माझा गुडघा गेला. शिष्यवृत्ती टिकली, खोली टिकली, तेव्हाच्या कोचबाईंनी फुलंही पाठवली. पण सामने शुक्रवारी, बाहेरगावी, आणि बसमध्ये कुबड्यांना जागा नव्हती. पहिल्या शुक्रवारी ठरवलं, निदान वर्गाला तरी जाऊ. कुबड्या सावरत पोचेपर्यंत उशीर झाला. आत हजेरी चालली होती. सरांनी माझं नाव घेतलं, तर कोणीतरी म्हणालं, "ती गेली असेल टीमबरोबर." सर "हो, खरंच की" म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले. सरांचं काय चुकलं? इतक्या शुक्रवारी मी नसायचेच. मी दाराबाहेर उभी होते. 'हजर' म्हणायचं होतं, पण तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. मी तशीच खोलीवर परत गेले. पुढचे शुक्रवारही खोलीतच गेले, आणि मग बाकीचे वारही.

शेवटी एका शुक्रवारी वडिलांना फोन केला, की उद्या पिकअप घेऊन या, मी शिक्षण सोडतेय. ते म्हणाले, मका अजून अर्धा उभा आहे, दुपारनंतर येतो. का सोडतेस, ते विचारलं नाही. आमच्या घरात असलं विचारत नाहीत.

त्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या खालून निरोप आला, कोणीतरी भेटायला आलंय. उतरले तर बैठकीच्या खोलीत लिंडक्विस्ट सर, हातात राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं, काखेत रेडिओ आणि कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेले दालचिनीचे रोल. आपल्या गावचा रेडिओवरचा समालोचक सामन्याला राखीव मुलींचीही नावं घेतो, कारण त्यांचे आईबाप शेतात ट्रॅक्टरवर बसून ऐकत असतात. मी टीमबरोबर नाही, हे सरांना म्हणूनच कळलं होतं.

"त्यानं आज पुन्हा तुझं नाव घेतलं नाही," सर म्हणाले. "आम्हाला वाटत होतं तू तिकडे आहेस. त्यांना वाटत असणार तू इकडे आहेस. मग पोरी, तू आहेस तरी कुठे?"

मी रडले. इतके दिवस हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

सरांनी सांत्वन वगैरे केलं नाही. वाडगं पुढं सरकवलं आणि रेडिओ लावला. मधेच विचारायचे, "हे आता झालं ते आपल्याला चांगलं की वाईट?" दर आठवड्याला सामना ऐकणाऱ्या माणसाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं!

"ऐकायची ती इन्ग्रिड," सर म्हणाले. इन्ग्रिड म्हणजे त्यांच्या पत्नी. "ती गेल्यापासून मी नुसता लावून ठेवतो. जेवताना घरात कोणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं."

निघताना एवढंच म्हणाले, की सोमवारी प्रयोगशाळेत ये, सूट मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी वडील आले आणि पिकअपमधून माझे मळके कपडे तेवढे धुवायला घेऊन गेले.

सहकाऱ्यांनो, खेळाडूंचे लाड करा असं मी म्हणत नाही. परीक्षेच्या तारखेचं तुमचं तुम्ही ठरवा. पण बस सुटली की मागे कोण राहिलं, एवढं विचारत चला. रोन्डाबाई, तुम्हीही आम्हाला कळवत चला.

आणि सर, आता तुमच्याविषयी. सोमवारपासून तुमच्या खोलीला कुलूप असेल. आम्ही म्हणू, सर ओमाहाला बहिणीकडे असतील. बहीण म्हणेल, तो विद्यापीठातच रमला असेल. माणूस असाच हरवतो, सर. मी हरवले होते.

अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहताहेत. एवढा वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, तर मैदानातला धक्का समजून पोटात घाला. सर, येत्या शुक्रवारी सामना बाहेरगावी आहे. रेडिओ तुमचा, चिली मी आणते. दार वाजवून तुमचं नाव घेईन. तुम्ही फक्त 'हजर' म्हणा.