त्या खोलीले मायाताईचं नाव

मंडळी, चरोद्याहून, नंदिनीहून तुमी आले. खुर्च्या कमी पडल्या तरी थांबले. मले नीट बोलता येईल का, माहीत नाही. मायाताई अन् मी एकाच शाळेत शिकवत होतो. रविवारी ती गेली. मधल्या सुट्टीत मी अजून तिच्या डब्याची वाट पाहते.

दोन गोड शब्द बोला, असं मले सांगतलं आहे. पण मनात शंका आहे, ती ठेवून गोड कसं बोलू?

शाळेत व्हीआरचे चष्मे आले, तेव्हा सगळ्यात खुश तीच होती. डिझाइन थिंकिंग शिकवायची. वस्तू करायच्या आधी, ती ज्याले वापरायची आहे त्याले विचारा, एवढाच अर्थ सांगायची. पोरं वर्गातच चष्मा घालून त्यातल्या स्टेशनवर फिरायची. म्हाताऱ्या माणसाले दिसते तसं, सगळं धुरकट. मग पाट्या कशा पाहिजेत, ते काढून दाखवायची. चांगलं चाललं होतं.

एक दिवस चष्मेवाल्या कंपनीच्या माणसानं तिले लॅपटॉपवर दाखवलं. कोणतं पोरगं कुठे पाहत होतं, कोण कंटाळलं, कोण घाबरलं. चष्म्यानं सगळं साठवलेलं.

तिनं विचारलं, "हे कोणाले विचारून?"

तो म्हणे, "मॅडम, पोरायच्या भल्यासाठीच आहे."

स्टाफरूममध्ये येऊन मले म्हणाली, "सुलभा, भल्यासाठी आहे, तर लपवून कशाले?"

पुढच्या तासाले तिनं पोरायले नवीन काम दिलं. हा चष्माच नव्यानं डिझाइन करा. बनवणाऱ्याले विचारा. कंपनीचा माणूस समोर बसवला. वर्गातली आपली पायल उभी राहिली. "सर, मैं डर गई थी, ये आपको किसने बताया?"

तो प्राचार्यांकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी चष्मे कपाटात गेले. मायाताईमुळे पोरायचं नुकसान झालं, असं तिच्या घरी जाऊन सुनावणारे आज इथे बसले आहेत. तिनं तुमाले चहा पाजला होता.

अन् काल निरोप आला. चष्मे पुन्हा सुरू होऊन राहिले. चष्म्याच्या खोलीले मायाताईचं नाव देणार. हा मोठा हारही त्याच कंपनीचा. मघाशी दारात मी त्यांच्या साहेबांना विचारलं, साठवणं बंद केलं का? ते म्हणे, "ताई, आज हा विषय नको."

मग कधी? ती जिवंत होती तेव्हा नको, आज नको. तिचं नाव पाटीवर लागलं, की विचारणाऱ्यालेच लोक म्हणतील, मायाताईच्या कामात आडवी येऊन राहिली. मले तर वाटते, त्यासाठीच कंपनीले हे नाव पाहिजे.

अशोकभाऊ, तुमी तिचे नवरे. सकाळी मले जे बोलले, ते इथे सांगू का?

त्यांनी मानेनं हो म्हटलं. सकाळी ते म्हणाले, "उत्तर मिळाल्याशिवाय माझ्या बायकोचं नाव कोणी लावायचं नाही."

आता उभे राहू, मंडळी. दोन मिनिटं शांत राहू. डोळे मात्र कोणी मिटू नका. एकमेकांकडे नीट पाहू, लपून नाही, समोरून.

माया, तुले आमचा सगळ्यांचा नमस्कार.