नुसते दोन

समुद्रपूरच्या स्टँडवर वर्ध्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या नयनच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडलं. पदवीधर मतदारसंघात एका छोट्या पक्षाकडून उभी राहिलेली चंचल तिच्या जुन्या सरांना मत मागत होती.

"सर, कागदावर पसंतीचा आकडा लिहा लागते."

"माहीत हाये मले. एक मोठ्या पक्षाले, दोन तुले. जावई त्याईच्यात हाये ना."

"सारे मले दोनच देऊन राह्यले, सर."

"बरं, मंग त्याईले देतच नाई. रुसला जावई त रुसला! तुले नुसते दोन."

"तसं केलं त मत बादच होते."

"काऊन?"

"एक नसला त दोन मोजतच नाई."

"मंग?"

"एक मले द्या, दोन जावयाच्या पक्षाले."

"पोरगी घरात घेईन का मले?"

"पडद्यामागचं कोणाले दिसते, सर?"

"मोठी वकील झाली! घे, एक तुले."

"पक्कं?"

"पक्कं. जावई बी पदवीधर हाये, त्याले दोन मागजो."

"दोन काऊन, सर? त्याले बी एकच मागीन."