कापडवालीचं कपाळ

(ग्वाल्हेर, दौलतगंज. १९५६ सालचं नवरात्र, दिवेलागणीची वेळ. वनमाला सरदार जगदेवरावांकडच्या हळदीकुंकवाहून नुकतीच परतली आहे. तिचा नवरा लक्ष्मीकांत ब्रश धुतो आहे.)

वनमाला : नाही, पाणीबिणी नको मला. आणि ही ओटीसुद्धा मी देवापुढे ठेवणार नाही. आधी सांगा, जगदेवरावांच्या दिवाणखान्यातली ती तसवीर तुम्ही दुरुस्त केलीत की माझी अब्रू भिंतीला टांगलीत?

लक्ष्मीकांत : कोणती तसवीर?

वनमाला : वा! आषाढापासून रोज दफ्तर सुटलं की जिच्यापायी फूलबागेकडे त्यांच्या वाड्यावर धावता, ती. बेटावरच्या बाजाराची.

लक्ष्मीकांत : पण ती तर झाकून ठेवली होती. उद्या दिल्लीचा व्यापारी न्यायला येणार आहे.

वनमाला : सरदारीणबाईंनीच, विजयाबाईंनी, चादर काढली. म्हणाल्या, जहागीर गेली, आता एकेक चीज घरातून चाललीय, सगळ्याजणींनी शेवटचं बघून घ्या. बघितलं हो, डोळे भरून बघितलं! आणि त्यांची ती मोलकरीण, हातात गुलाबदाणी, एकदा माझ्याकडे बघते, एकदा तसविरीकडे बघते, आणि सगळ्यांदेखत म्हणते, "अरे बहूजी, ये तो आप हो!"

लक्ष्मीकांत : ओळखलं तिनं?

वनमाला : खूश काय होताय?

लक्ष्मीकांत : खूश नाही गं. म्हणजे चेहरा साधला म्हणायचा.

वनमाला : साधला ना! मधोमध ती शामला, गोपाळकृष्ण मास्तरांची लेक, तुमच्या शिकवणीला येणारी. झालरीचा पांढराशुभ्र झगा, गळ्यात माळा, डोक्याला रंगीत फडकं, कपाळाला हे एवढं ठसठशीत कुंकू. आणि मी? मी तिच्या पायाशी, जमिनीवर, कापडाचे तागे मांडून बसलेली. काळीकुट्ट. अन् कपाळ मोकळं! नवरा धडधाकट असताना, ऐन हळदीकुंकवात, पांढऱ्या कपाळाची मी भिंतीवर!

लक्ष्मीकांत : वनमाला, जरा बस. ऐकून तर घे.

वनमाला : उभ्यानं ऐकू येतं मला.

लक्ष्मीकांत : ते चित्र आपल्याकडचं नाहीच. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इटलीचा एक चितारी इंग्रज गव्हर्नराबरोबर सातासमुद्रापलीकडच्या बेटांवर गेला. उसाचे मळे होते तिथे. तिथला बाजार, नदीवरची धुणी, नाचगाणी, तिथल्या बायका, असं काय काय त्यानं रंगवलं. जगदेवरावांचे आजोबा विलायतेला गेले होते, त्यांनी हे आणलं. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि दोन बायकांच्या तोंडावरचा रंगच गळून पडला. चेहरे राहिलेच नव्हते गं. मला भरायचे होते.

वनमाला : मग भरायला आम्ही दोघीच सापडलो?

लक्ष्मीकांत : माणूस ओळखीचेच चेहरे काढतो.

वनमाला : आणि कोणाला कुठे बसवायचं ते कोणी ठरवलं? त्या इटलीवाल्यानं?

लक्ष्मीकांत : ते... रंगावर होतं. ती मधली बाई उजळ आहे. तिचा बाप गोरा साहेब असणार, आई तिकडची. पैसेवाली, स्वतंत्र. ती खाली बसलेली कापडवाली सावळी आहे.

वनमाला : बोला ना, थांबलात का? शामला गोरी, मी सावळी.

लक्ष्मीकांत : मी तसं म्हटलं नाही.

वनमाला : म्हटलं नाहीत, रंगवलंत. ती कापडवाली तरी कोण होती? दुकान होतं का तिचं स्वतःचं?

लक्ष्मीकांत : सोड ना आता.

वनमाला : बिल्कुल नाही. सांगा.

लक्ष्मीकांत : गुलाम असेल. त्या बेटांवर माणसं जहाजं भरभरून आणायचे, मळेवाले विकत घ्यायचे. रविवारी त्यांना बाजारात बसायची मुभा असायची.

वनमाला : म्हणजे जी विकायला बसलीय, तिलाही कोणीतरी विकत घेतलेलं?

लक्ष्मीकांत : हो.

वनमाला : आणि तरी हसतेय?

लक्ष्मीकांत : त्याच्या चित्रांत सगळेच हसतात. गव्हर्नरानं पोसलेला चितारी तो, त्यानं चाबूक कशाला काढावा? सगळं कसं छान चाललंय, असंच दिसायला हवं होतं.

वनमाला : आणि अशा बाईला तुम्ही माझं तोंड दिलंत. हसतं. वा रे वा! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुमच्या तारपीनच्या वासात पोळ्या लाटतेय मी, रंगाचे डाग खरवडतेय, अन् माझी जागा कुठे? तिच्या पायाशी!

लक्ष्मीकांत : अगं, कुंकवाचं तर माझ्या मनातही नव्हतं. आक्कासाहेबांनी हट्ट धरला. जगदेवरावांच्या आत्या गं त्या. म्हणाल्या, नवरात्रात मोकळ्या कपाळाच्या बाया दिवाणखान्यात नकोत, देवीपुढे बरं दिसत नाही. मी समजावलं, या ख्रिस्ती बाया, यांच्यात कुंकू नसतं. त्या म्हणाल्या, ते त्यांच्या घरी, इथे आमचं घर आहे. मग लावलं. नाचणाऱ्या दोघींना लावलं, टोपलीवालीला लावलं. उद्या व्यापारी येण्याआधी पुसायचंच आहे.

वनमाला : सगळ्यांना लावलंत. मला सोडून.

लक्ष्मीकांत : कापडवालीच्या डोक्याचं फडकं पार भुवयांजवळ आलंय. कपाळ जेमतेम बोटभर. जागाच नव्हती.

वनमाला : मग फडकं जरा वर सरकवायचं.

लक्ष्मीकांत : मूळ चित्रात तसं नाही.

वनमाला : मूळ चित्रात कुंकू तरी कुठे होतं हो? शेजारच्या मंदाताई माझ्या कानाशी लागून काय म्हणाल्या माहीत आहे? "वनमाला, नवऱ्यानं तुझं पुसलं आणि तिला लावलं." आणि शामलाला आज तिथं बोलावणंसुद्धा नव्हतं. कसं असणार? तिचा नवरा गेला तेव्हापासून तिला कोण बोलावतंय कुंकवाला? पण भिंतीवर मात्र सगळ्यांच्या मधोमध तीच सवाष्ण! बायका काय आंधळ्या आहेत?

लक्ष्मीकांत : जुना खाका पडला होता तिच्या चेहऱ्याचा. हाताशी आला, वापरला.

वनमाला : खाका म्हणजे तो भोकं भोकं पाडलेला कागद?

लक्ष्मीकांत : हो. चेहरा कागदावर काढायचा, रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडायची, मग चित्रावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. ठिपके उमटतात. ती शिकायला यायची तेव्हाचा असेल, लग्नाआधीचा.

वनमाला : खोटं. लग्नाआधी शामला कशी गुबगुबीत होती. चित्रातली गालफडं बसलेली आहेत. ही आत्ताची शामला आहे. आणि सुई कोणती घेतलीत? माझ्या शिवणाच्या डब्यातली ना? श्रावणात घरभर शोधत होते मी ती.

लक्ष्मीकांत : हो. श्रावणातच काढला.

वनमाला : बसवून?

लक्ष्मीकांत : बसवून. ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी करायला यायची. तिला दाखवता दाखवता काढला.

वनमाला : मी आत चहा करत असेन.

लक्ष्मीकांत : असशील.

वनमाला : आणि मी तो चहा तिला नेऊन दिला असेल, वर बिस्किटं! आता एकच खरं सांगा. कुंकू आक्कासाहेबांनी लावायला लावलं, कबूल. पण तिला लावताना तुमच्या मनात काय होतं?

लक्ष्मीकांत : काय असणार?

वनमाला : बाकीच्यांची टिकली आहे, तिचं कुंकू आहे. गोल, रेखीव, कडा सांभाळून लावलेलं. माझे डोळे काय फुटलेत?

लक्ष्मीकांत : बरं, ऐक. मला तिच्या कपाळावर ते बघायचं होतं. एवढीशी पोर, सारखी मान खाली घालून बसते. वाटलं, एकदा दिसू दे. लावलं आणि बराच वेळ बघत बसलो. झालं समाधान?

वनमाला : झालं. जळून खाक झाले, पण समाधान झालं.

लक्ष्मीकांत : त्यापलीकडे काही नाही गं. आईची शपथ.

वनमाला : आईला कशाला मधे आणता? म्हणूनच तिला भोपाळच्या शाळेत चिकटवलीत ना? नवं राज्य व्हायचं, राजधानी भोपाळ, मोतीमहालातली दफ्तरं गाठोडी बांधून भोपाळला चाललीत, तुमची प्रसिद्धी खात्यातली खुर्चीही चालली. बरोबर शामला. आणि मी? "क्वार्टर मिळेपर्यंत तू इथंच थांब, वनमाला." किती गोड सांगितलंत! मी मूर्ख, मुरंब्याची बरणी भरायला घेतली तुमच्यासाठी.

लक्ष्मीकांत : शाळेला ड्रॉइंगची बाई हवी होती, मी नाव सुचवलं, एवढंच. इथे राहिली तर मास्तरांच्या घरी भांडी घासतच जन्म जाईल तिचा.

वनमाला : तिची दया मला येत नाही असं वाटतं तुम्हाला? दिवाळीचा फराळ आधी तिच्या घरी जातो माझ्या हातचा. पण माझी दया चकलीच्या डब्यातून जाते. तुमची कुंकवातून.

लक्ष्मीकांत : तुला काय वाटतं, तुझा चेहरा मी असाच कुठेतरी चिकटवला? त्याला खाका लागला नाही मला. कागद नाही, ठिपके नाहीत. ब्रश उचलला आणि थेट काढला. नाक, ओठ, हनुवटीवरची ती खळी. डोळे मिटूनही जमलं असतं. इतकी पाठ आहेस तू मला.

वनमाला : हो ना? तिला समोर बसवून, बघत बघत काढलंत. आणि मला न बघताच.

लक्ष्मीकांत : अगं, मी तर...

वनमाला : तुम्ही कौतुकानं म्हणालात, समजलं मला. पण ती पाठ असलेली वनमाला केव्हाची हो? तिच्या कानाजवळ पांढरे केस नाहीत. डोळ्यांखाली काही नाही. आज त्या भिंतीसमोर उभी होते, तर मलाच लाज वाटली, ही कोण? तुम्ही माझ्याकडे शेवटचं नीट कधी बघितलंत?

लक्ष्मीकांत : बघतो की रोज.

वनमाला : ताट वाढते तेव्हा ताटाकडे बघता.

लक्ष्मीकांत : बरं. चुकलं माझं. खरंच चुकलं. पहाटेच जातो, तिचं कुंकू पुसून टाकतो. तारपीनचा बोळा फिरवला की क्षणात जाईल. मग तर झालं?

वनमाला : असं बोलू नका.

लक्ष्मीकांत : आता काय झालं? तुलाच तर ते खुपत होतं.

वनमाला : खुपतंय. अजून खुपतंय. पण तिचं पुसलं तेव्हा मी तिथे होते. तिची आई भिंतीवर डोकं आपटत होती आणि ती पोर मुकाट्यानं कपाळ पुढे करून बसली होती. पुन्हा नको. तुमच्या हातानं तर नकोच.

लक्ष्मीकांत : मग काय करू? दिल्लीवाल्याला जसं होतं तसं चित्र हवंय. कुंकू दिसलं तर तो घेणार नाही, जगदेवराव माझ्या नावानं बोंबलतील.

वनमाला : तुम्ही चितारी ना? तिच्या डोक्याचं फडकं जरा खाली ओढा, भुवईपर्यंत. माझ्याहूनही खाली. दिसणार नाही, पण आत राहील.

लक्ष्मीकांत : चालेल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. आणि तुझं?

वनमाला : माझं त्या भिंतीवर काही नको. तो चेहरा खरवडून टाका, दुसरं कोणतंही तोंड द्या तिला. आणि हसवू नका. विकत घेतलेली बाई आहे ती.

लक्ष्मीकांत : रात्रभर बसावं लागेल मला.

वनमाला : बसा. मीही येते. कंदील धरीन.

लक्ष्मीकांत : पहारा द्यायला?

वनमाला : पहाराच द्यायला. आणि भोपाळला मीही येणार. क्वार्टर मिळो न मिळो, धर्मशाळेत चूल मांडीन.

लक्ष्मीकांत : तिथे शामला रोज समोर येईल. चालेल तुला?

वनमाला : येऊ दे. माझ्याकडे जेवू दे, वाटलं तर माझ्याजवळ रडू दे.

लक्ष्मीकांत : आणि मी?

वनमाला : तिची दया यापुढे मी करीन. तुम्ही नका करू.