खिडकीतला बुटका टोमॅटो

मी उत्तनची, समुद्राकाठच्या गावची. बाबा होडीवरून आले की थेट वाडीत, आणि तिथले टोमॅटो म्हणजे काय सांगू ताई, मुठीएवढे, आंबटगोड, पण झाड माणसाहून उंच. वाडी गेली, बाबा गेले, माझ्याकडं त्यांचं चिमूटभर बी राहिलं, आणि मी शहरात, हाटकेशला तिसऱ्या मजल्यावर, ग्रिलमध्ये एवढं उंच झाड मावतंय कुठं.

म्हणून नर्सरीतून टोमॅटोचंच शोभेचं बुटकं झाड आणलं, फळं बोराएवढी, बेचव. बाबांचं एक झाड कसंबसं ग्रिलला बांधलं, त्याच्या फुलातला पिवळा भाग, म्हणजे त्याचा स्वतःचा पराग, चिमट्यानं काढायचा नि बुटक्याचा पराग बोटानं लावायचा. शेजारीण म्हणाली, भाभी, शादी करा रही हो क्या, मी म्हटलं हां, शादीच. त्या फळाचं बी लावलं, पहिल्या वर्षी सगळी उंचच आली, मी रडले. तरी त्यांचंच बी लावलं, तर चारात एक बुटकं. असं निवडत पाच वर्षं गेली, बाबांचं मूळ बी जुनं झालं, उगवेना. मागचं बी मी पेरून संपवलेलं. ह्या खेपेला एकच झाड गुडघ्याएवढं आणि फळ मुठीएवढं. पहिलं फळ कापलं तर चव न्हाय, नुसतं पाणी, रागानं बियांसकट आमटीत टाकलं. बी काय, पुढच्या फळाचं धरू म्हटलं.

बाबा वाडीत मासळीचा चुरा टाकायचे, चव त्यानंच येते म्हणायचे. मी खाऱ्या मासळीचा चुरा कुंडीत टाकला. वाडीत पाऊस मीठ धुऊन न्यायचा, कुंडीत ते जाणार कुठं, एवढं मला कळू नये. चार दिवसांत पानं करपली, मीठ धुवायला बादल्या ओतल्या, खालच्या मजल्यावरचे ओरडले, झाड गेलं.

एक हिरवं फळ राहिलेलं, ते तांदळाच्या डब्यात पिकवलं. कापलं, जिभेवर ठेवलं, आणि ताई, तीच चव, बाबांची. झाडाची होती की मिठानं आली, आता कोण सांगणार. आतलं बी पांढरं, पोकळ, पाण्यावर तरंगलं. तरी सगळं पेरलंय.

तीन आठवडे झाले, काय वर न्हाय. आमचे हे म्हणतात, सोड आता, बाजारात टोमॅटो मिळतात. ह्यांना काय सांगू. तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचं भलं होवो. सकाळी पाणी घालते नि देवाला म्हणते, एक तरी वर येऊ दे, न्हायतर बाबांच्या बियाला माझा हात लागायलाच नको होता.