पट्टे जुळेपर्यंत

आता तुमीच सांगा, मोटरी बांधाच्या दुकानात तांब्याचा तार नाई सापडन तं काय जिलेबी सापडन? सिंदेवाहीत बापापासूनचं दुकान हाये माह्यं. शेतातली जळालेली मोटर आना, हा नूर मोहम्मद खोलन, जुना तार काढन, नवा भरन, पानी चालू! पन नाई! गावाचं एकच, 'दुकानात तांबं सापडलं म्हनते!' अरे, वान्याच्या दुकानात साखर सापडली म्हनून कोनी बोंबललं काय कधी?

झालं काय, तुमाले सांगतो, शेतातले मोटरीचे केबल चोरी जाऊन राह्यले होते. पोलिसायनं जीप धाडून मले ठान्यात बोलावलं. काऊन? तं विचाराले, का बाबा, तुह्याकडं कोनी तार इकाले आनला काय? म्हटलं, नाई साहेब. 'आनला तं सांगजो.' म्हटलं, सांगतो. चहा पाजला! बिस्कुट बी देल्लं! पन जीपमधून उतरतानी कोन्या दीडशहान्यानं माह्या फोटो काढला, अन् मी घरी पोचाच्या आधी साऱ्यायच्या मोबाइलवर... 'तारचोर जाळ्यात!' जरीना, माह्यी बायको, दारातच उभी. 'क्या किया तुमने?' म्हटलं, चाय पी! तिले पटलं, पन गल्लीले कोन पटवन? 'पोलिस उगाच नेते काय? काईतरी असनच ना!'

अन् हा लटारूभाऊ! जुना गिऱ्हाईक माह्या, धानाचा शेतकरी. त्याची मोटर दुकानात खोलून पडली होती, पोट उघडं, आतडी बाहेर. आला, अन् तशीच पोत्यात भरून उचलली. म्हटलं, भाऊ, अर्ध्या ऑपरेशनातून पेशंट उठवता काय? तं म्हने, 'तसं नाई गा नूरभाई, माह्या इस्वास हाये तुह्यावर... पन लोक म्हनतेत, काईतरी असनच ना!' झालं, त्याच्या मागं सारं गाव गेलं. दुकानात मी अन् माश्या. माशीबी जरा सांभाळूनच बसे! खरं सांगू? धंदा बुडाला त्याचं जाऊ द्या, पन रोज सलाम करनारा मानूस रस्ता बदलते ना, तवा जीव तुटते हो.

अन् त्याच दिवसायत तो वाघ! लटारूभाऊच्या गाई मारल्या त्यानं. पिंजरा लावला, पिंजऱ्यात वाघ आला. आता पिंजऱ्यात वाघ, धानाच्या बांधीत गाईचं हाडूक, आनखी काय पाह्यजे? मले वाटलं, आता लटारूभाऊ म्हनन, काईतरी असनच ना! पन वनखात्याचा साहेब हात वर करून म्हने, 'थांबा! हाच वाघ होता कशावरून? गाई मारणाऱ्या वाघाच्या कॅमेऱ्यातल्या फोटोशी पट्टे जुळल्याशिवाय कोणी बोट दाखवायचं नाही!' अन् नाई दाखवलं हो कोनी! लटारूभाऊनं तं वर केलेलं बोट खाली घेतलं! पट्टे पाह्यले... जुळलेच नाई, वाघ दुसराच! मंग काय, गाडीत बसवून इज्जतीनं जंगलात सोडला. लोक टाळ्या वाजवून राह्यले, अन् लटारूभाऊ डोळे पुसून म्हने, 'बिचारा! फुकट बदनाम झाला.' अरे, माह्ये पट्टे पाह्यले काय कोनी?

पुढं खरे चोर बी सापडले, बल्लारपूरकडं, टेंपोभर केबलासंगं. पेपर घेऊन मी पयतच गेलो लटारूभाऊच्या बांधीवर. त्यानं सारी बातमी वाचली. 'बरं झालं बापा, सापडले एकदाचे.' मंग पेपराची घडी घातली, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं... 'पन नूरभाई, एवढ्या गावात पोलिसायनं तुलेच काऊन नेलं होतं गा? काईतरी...' म्हटलं, भाऊ, पुरं नका करू.

आज आनली त्यानं मोटर. दुसरीकडं बांधली होती, पुन्हा जळली. अन् सकाळपासून ते पाहा, समोर स्टूल टाकून बसला हाये. मी पेचकस उचलला का हा मान उचलते, मी तार कापला का हा चष्मा पुसते. 'काई नाई गा, असाच बसलो!'

कधी कधी वाटते, पुढच्या जनमी वाघच व्हावं. पट्टे जुळेपर्यंत तरी कोनी काई म्हनत नाई. पन आमच्यात... पुढचा जनमच नसते ना भाऊ!