जेबेचं खोटं

सिएरा लिओनमधलं युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती. ईस्टरआधी दोन म्हाताऱ्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगेत बसल्या होत्या, आणि जाळीआड फादर रेन्झोंना सगळं ऐकू येत होतं.

“जेबे, या वयात कसलं गं तुझं पाप?”

“खोटं बोलले. बंडखोरांना म्हटलं, घरात पाद्री नाही. वर क्रूसाची शपथ घेतली.”

“अगं, आपले फादर तुझ्या कसाव्याच्या कंदांच्या ढिगाखाली लपले होते तेव्हाचं ना? दरवर्षी तेच?”

“तेच.”

“त्यांनी माफ नाही केलं?”

“केलं की. पण बाइंदू, बाकीचे मेले नि आपण एकटे वाचलो, म्हणून ते अजून मान वर करत नाहीत. तुम्ही वाचलात ते बरंच झालं, हे तोंडावर कसं सांगू? म्हणून इथे सांगते, खोटं बोलले, आणि पुन्हा बोलेन.”

जेबे आत येऊन गुडघ्यांवर बसली.

“आई,” फादर म्हणाले, “आज आधी माझं ऐकाल?”